पाच व्होल्टवर थंडावा: यूएसबी कूलरमागचा इतिहास

कृत्रिम थंडाव्याच्या इतिहासात १८३४ हे वर्ष फार महत्त्वाचं आहे. त्या वर्षी लंडनमध्ये राहणाऱ्या जेकब पर्किन्स या अमेरिकन अभियंत्याने, चटकन उडून जाणारा द्रव बंद नळ्यांतून फिरवत ठेवून थंडी तयार करणाऱ्या यंत्राचं पेटंट मागितलं. आज घरोघरी दिसणारा कॉम्प्रेसरचा फ्रीज त्या यंत्राचा वंशज. त्याच वर्षी फ्रान्समध्ये जाँ शार्ल अतानाज पेल्टियर याने एक वेगळंच निरीक्षण प्रसिद्ध केलं. दोन निराळ्या धातूंच्या सांध्यातून वीज सोडली, की प्रवाहाच्या दिशेप्रमाणे तो सांधा तापतो किंवा गार पडतो. पेल्टियर मूळचा घड्याळजी. वारशाने पैसा हाती आल्यावर त्याने तो व्यवसाय सोडला आणि भौतिकशास्त्राला वाहून घेतलं.

टेबलावर संगणकाच्या शेजारी ठेवायच्या ज्या यूएसबी तबकड्या आणि एकच कॅन मावेल असे जे चिमुकले फ्रीज मिळतात, ते बहुतेक सगळे पेल्टियरच्या वाटेवरचे. त्यांवर पेय थंड राहतं का, हा प्रश्न वरवर साधा वाटतो. साध्या यूएसबी पोर्टवर ते जाणवण्याइतकं थंड राहत नाही, एवढं उत्तर आधीच देऊन टाकतो. ते तसं का, हे कळायला मात्र दोन इतिहास पाहावे लागतात: एक त्या सांध्याचा, दुसरा त्या पोर्टचा.

सांध्याची गोष्ट पेल्टियरच्याही आधी सुरू होते. १८२१ मध्ये बर्लिनमध्ये थॉमस झेबेक याने दोन धातूंचं कडं करून त्याचा एक सांधा तापवला, तेव्हा शेजारची होकायंत्राची सुई हलली. तापमानातल्या फरकातून वीज निर्माण होते, हे त्यातून पुढे स्पष्ट झालं. पेल्टियरने पाहिलं ते याच्या नेमकं उलट होतं, पण त्याचं पूर्ण मर्म त्याच्याही ध्यानात आलं नव्हतं. ते ठसठशीतपणे दाखवलं सेंट पीटर्सबर्गच्या हाइनरिख लेंझने, १८३८ मध्ये. बिस्मथ आणि अँटिमनीच्या कांड्या जिथे जुळतात तिथे त्याने पाण्याचा थेंब ठेवला आणि वीज सोडली. थेंबाचा बर्फ झाला. प्रवाहाची दिशा बदलली, बर्फ वितळला. कुठलाही भाग न हलवता, वायू न दाबता, नुसत्या विजेने बर्फ! माझ्या मते हा एकोणिसाव्या शतकातल्या सर्वांत देखण्या प्रयोगांपैकी एक आहे.

त्या थेंबापासून उपयोगी यंत्रापर्यंत पोहोचायला मात्र शंभराहून अधिक वर्षं गेली. अडचण धातूंच्या स्वभावातच होती. जो धातू वीज चांगली वाहून नेतो, तो उष्णताही तितक्याच सहज वाहून नेतो. म्हणजे एका बाजूची उष्णता उपसून दुसरीकडे टाकावी, तर ती त्याच धातूतून परत येते. शिवाय वीज वाहताना रोधामुळे जी उष्णता तयार होते, तीही अंदाजे निम्मी थंड बाजूलाच येऊन पडते. १९०९ ते १९११ या काळात जर्मनीत एडमुंड आल्टेनकिर्शने हा हिशेब कागदावर मांडला: वीज सहज वाहू देणारा, उष्णता मात्र अडवणारा आणि तापमानातल्या थोड्याशा फरकालाही भरपूर व्होल्टेज देणारा पदार्थ हवा. असा पदार्थ तेव्हा कुणाजवळच नव्हता.

तो सापडला अर्धवाहकांमध्ये, म्हणजे सेमीकंडक्टरमध्ये. सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ अब्राम इओफे यांनी अर्धवाहकांवर भर दिला, आणि १९५४ मध्ये इंग्लंडमध्ये ज्युलियन गोल्डस्मिड व सहकाऱ्यांनी बिस्मथ टेल्युराइड वापरून खोलीच्या तापमानावरून शून्य अंशाच्या खाली जाता येतं हे दाखवून दिलं. आजच्या यूएसबी कूलरमध्येही हाच पदार्थ असतो. त्याचे दोन प्रकारचे बारीक ठोकळे दोन सिरॅमिक पट्ट्यांमध्ये एकाआड एक बसवलेले असतात. बाजारात सर्रास मिळणाऱ्या चार सेंटिमीटर चौरस मोड्यूलमध्ये अशा १२७ जोड्या असतात.

१९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात या शोधाने मोठ्या आशा जागवल्या. आरसीए आणि वेस्टिंगहाऊससारख्या कंपन्यांनी आवाज न करणारे, कॉम्प्रेसर नसलेले फ्रीज करून पाहिले. पण पदार्थाची गुणवत्ता मोजण्याचा जो आकडा आल्टेनकिर्शच्या हिशेबातून पुढे आला, तो खोलीच्या तापमानाला १ च्या आसपास जाऊन अडकला आणि पुढची अनेक दशकं तिथेच राहिला. कॉम्प्रेसरशी बरोबरी करायची तर तो ३ किंवा ४ हवा. त्यामुळे पेल्टियर (या तत्त्वावरच्या कूलरलाही हेच नाव पडलं) स्वयंपाकघरात शिरला नाही. जिथे थंडावा थोडाच लागतो पण तो अगदी नेमका आणि हादऱ्यांविना लागतो, तिथे तो टिकला: फायबर ऑप्टिकमधले लेझर, खगोलशास्त्रातले कॅमेरे, डीएनएच्या प्रती काढणारी पीसीआर यंत्रं. या कामांत त्याला आजही तोड नाही. म्हणून यूएसबी कूलर फसतो याचा दोष मी पेल्टियरला देणार नाही. त्याला चुकीच्या कामाला जुंपलं गेलं.

आता पोर्ट. यूएसबीची पहिली आवृत्ती जानेवारी १९९६ मध्ये आली. कीबोर्ड, माउस, प्रिंटर, मोडेम यांच्यासाठी वेगवेगळी खोबणी असण्याचा जाच संपवावा, हा तिचा हेतू. म्हणजे ती मुळात माहितीची वाट होती. पाच व्होल्टची वीज सोबत दिली ती माउससारख्या उपकरणांना वेगळा अडॅप्टर लागू नये म्हणून. नियम असा, की जोडल्या जोडल्या उपकरणाने १०० मिलिअँपिअरच घ्यायचे. जास्त हवे असतील तर संगणकाकडे मागायचे आणि परवानगी मिळाली तर ५०० पर्यंत घ्यायचे. पाच व्होल्ट गुणिले अर्धा अँपिअर, म्हणजे जास्तीत जास्त अडीच वॅट. पुष्कळ संगणकांचे पोर्ट ही परवानगी काटेकोरपणे तपासत नसत. त्याचा फायदा घेऊन छोटे दिवे, पंखे, कप गरम ठेवणाऱ्या तबकड्या आणि मग कूलर निघाले.

अडीच वॅटमध्ये काय होतं ते पाहू. पेल्टियरला एक वॅट वीज दिली, तर अशा कामात तो साधारण अर्धा वॅट किंवा त्याहूनही कमी उष्णता उपसतो. खालचा छोटा पंखाही त्याच अडीच वॅटमधून चालतो. हाती राहतो फार तर एक वॅटचा थंडावा. ३३० मिलिलिटर पेयाचं तापमान एक अंशाने उतरवायला सुमारे १३८० ज्यूल काढावे लागतात. ३० अंशांवरून १० वर आणायचं तर २७ हजार ६०० ज्यूल. एक वॅट म्हणजे सेकंदाला एक ज्यूल. या गतीने हे काम साडेसात तासांहून जास्त चालेल, तेही बाहेरून उष्णता अजिबात आत आली नाही असं धरून.

ती तर येतेच. १० अंशांचा उघडा कॅन ३० अंशांच्या खोलीत ठेवला, तर चहूबाजूंनी मिळून चार ते सहा वॅट उष्णता आत शिरते. एक वॅट बाहेर आणि पाच वॅट आत! फ्रीजमधून ६ अंशांवर काढलेला कॅन नुसता टेबलावर ठेवला, तर तासाभराने तो माझ्या हिशेबाने १८ अंशांच्या आसपास जाईल, आणि एक वॅटच्या कूलरवर ठेवला तर १६. जिभेला हा फरक मुश्किलीने कळेल. हवा दमट असेल तर हे दोन अंशही हातचे जातात, कारण कॅनवर पाणी जमतं आणि वाफेचं पाणी होताना सोडलेली उष्णता पेयात उतरते. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या डेल डुरान आणि डार्गन फ्रायरसन या हवामानशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये हे मोजून मांडलं: कॅनवर जेमतेम ०.१ मिलिमीटर जाडीचा पाण्याचा थर जमला, तरी आतलं पेय सुमारे ५ अंशांनी तापतं.

त्यात तबकडीच्या घडणीतच दोन दोष आहेत. ॲल्युमिनियमच्या कॅनचा तळ आतल्या दाबाला टिकावा म्हणून आत वळवलेला असतो. सपाट तबकडीला फक्त त्याची कड टेकते आणि मधे हवा राहते. दुसरा दोष जास्त खोल आहे. खालून तापवलं तर गरम झालेलं पाणी हलकं होऊन वर जातं, गार खाली येतं आणि द्रव आपोआप ढवळला जातो. खालून गार केलं तर गार झालेलं जड पाणी तळाशीच बसून राहतं आणि वरचं तसंच कोमट. म्हणून तबकडीला हात लावला तर ती बर्फासारखी लागते, आणि वरचा घोट मात्र गार लागत नाही. जाहिरातीत तबकडीचं तापमान दाखवायचं आणि पेयाचं गाळायचं, ही मला सरळसरळ दिशाभूल वाटते.

वीज तोडली तर आणखी एक गोष्ट घडते. बंद पेल्टियर हा उष्णतेचा पूलच असतो. त्याच्या गरम बाजूला साठलेली उष्णता परत पेयाकडे येऊ लागते.

थंडावा तयार करणं एक, आणि असलेला जपणं दुसरं. दुसऱ्या कामाचं उत्तर जेम्स ड्युअर यांनी १८९२ मध्येच दिलं होतं. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अतिथंड द्रवरूप वायू टिकवण्यासाठी त्यांनी दोन भिंतींमधली हवा काढून घेतलेली काचेची बाटली केली. पेटंट घेतलं नाही. १९०४ मध्ये जर्मनीत तिचा थर्मास म्हणून व्यापार सुरू झाला, आणि ड्युअर कोर्टात गेले तेव्हा हरले. झाकण लावलेल्या चांगल्या निर्वात बाटलीत उष्णतेची गळती अर्ध्या वॅटच्याही खाली येते. पोर्टमधून एकही वॅट न घेता ती यूएसबी तबकडीवर सहज मात करते. बर्फही तसाच: १०० ग्रॅम बर्फ वितळताना ३३ हजार ज्यूलहून जास्त उष्णता शोषतो. तेवढं काम करायला एक वॅटच्या कूलरला नऊ तास लागतील.

पोर्ट मात्र तिथेच थांबलं नाही. २००८ च्या यूएसबी ३.० ने मर्यादा साडेचार वॅटवर नेली. मोबाइल चार्जिंगसाठीच्या नियमांनी ती साडेसातवर गेली, आणि टाइप-सी पोर्ट पाच व्होल्टवरच १५ वॅटपर्यंत देऊ शकतं. २०१२ मध्ये आलेल्या पॉवर डिलिव्हरी या यूएसबीच्या वीजपुरवठ्याच्या नियमाने १०० वॅटची दारं उघडली, २०२१ मध्ये ती २४० झाली. या आकड्यांनी मूळ प्रश्नच बदलतो. १५ वॅटचा पेल्टियर सुमारे सहा वॅट उपसेल, म्हणजे उघड्या कॅनमध्ये शिरणाऱ्या उष्णतेशी तो बरोबरी करेल. दीड सेंटिमीटर फोमचं कवच आणि झाकण दिलं, तर गळती दीड वॅटच्या आसपास येते आणि तोच कूलर पेय खरोखर गार करू लागतो, सावकाश का होईना. ४० ते ६० वॅटचे, गाडीतल्या १२ व्होल्टवर चालणारे पेल्टियर कूलर कितीतरी वर्षं हेच करत आले आहेत.

त्यामुळे असं उपकरण निवडताना खोक्यावरच्या तीन गोष्टी पाहाव्यात. ते किती वॅट घेतं. पेय चहूबाजूंनी कवचात बसतं की नुसतं तबकडीवर उभं राहतं. आणि तापमानाचा दावा खोलीपेक्षा किती अंश कमी असा दिलाय, की नुसताच एक आकडा. अडीच वॅट आणि उघडी तबकडी असेल, तर झाकणाची निर्वात बाटली घ्यावी आणि पोर्ट माउससाठी मोकळं ठेवावं.