मधुमेहाचे आहारातून रेमिशन

टाइप २ मधुमेह झालेल्या व्यक्तीची रक्तशर्करा, मधुमेहाचे एकही औषध चालू नसताना, निदानाच्या मर्यादेखाली टिकून राहिली की त्या स्थितीला रेमिशन म्हणतात. अमेरिकन डायबिटीज असोसिएशन, डायबिटीज यूके आणि आणखी दोन आंतरराष्ट्रीय संघटनांच्या तज्ज्ञांनी २०२१ मध्ये एकमताने ठरवलेला निकष असा : औषधे थांबवून किमान ३ महिने झालेले असावेत आणि एचबीए१सी (मागच्या साधारण तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ६.५ टक्क्यांपेक्षा कमी असावे. आहारबदल सुरू करून किमान ६ महिने उलटल्याशिवाय हा निष्कर्ष काढू नये. एचबीए१सी विश्वासार्ह नसेल तर उपाशीपोटीची साखर १२६ मिग्रॅ/डेलिपेक्षा कमी असणे हा पर्यायी निकष आहे. औषध घेऊन ६.२ आलेला एचबीए१सीचा आकडा उत्तम नियंत्रण दाखवतो. त्याला रेमिशन म्हणता येत नाही, मग ते औषध एकटे मेटफॉर्मिन का असेना. टाइप १ मधुमेहाला ही संकल्पना लागू होत नाही.

कार्यकारणभाव : शरीरात जास्तीची ऊर्जा वर्षानुवर्षे साठत गेली आणि त्वचेखाली चरबी साठवण्याची क्षमता संपली, की चरबी यकृतात आणि पुढे स्वादुपिंडात उतरते. चरबीयुक्त यकृत इन्सुलिनला जुमानत नाही आणि रात्रभर रक्तात साखर सोडत राहते. स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मंदावतात. न्यूकॅसल विद्यापीठाचे रॉय टेलर यांनी २००८ मध्ये ही मांडणी केली. २०११ च्या त्यांच्या छोट्या अभ्यासात ११ जणांना रोज सुमारे ६०० कॅलरींचा आहार दिला, तेव्हा आठवड्याभरातच उपाशीपोटीची साखर सामान्य पातळीवर आली. इन्सुलिनचा स्राव सुधारायला मात्र ८ आठवडे लागले. चरबी साठवण्याची मर्यादा प्रत्येकाची वेगळी असते. त्यामुळे वरवर सडपातळ दिसणाऱ्यालाही मधुमेह होतो आणि थोडे वजन उतरवून त्यालाही रेमिशन मिळू शकते.

ब्रिटनमधील ‘डायरेक्ट’ चाचणीत मधुमेह होऊन ६ वर्षांच्या आत असलेले, इन्सुलिन न घेणारे रुग्ण होते. त्यांना ३ ते ५ महिने रोज सुमारे ८५० कॅलरींची सूप व शेक दिली गेली आणि नंतर हळूहळू नेहमीचे अन्न सुरू केले. वर्षअखेर ४६ टक्के जण रेमिशनमध्ये होते, नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात ४ टक्के. १५ किलो किंवा अधिक वजन उतरवलेल्यांपैकी ८६ टक्क्यांना रेमिशन मिळाले. ५ ते १० किलो उतरवलेल्यांत हे प्रमाण ३४ टक्के होते. दोन वर्षांनी एकूण आकडा ३६ टक्क्यांवर आला. पुढच्या काळात वजन जसजसे परतले तसा मधुमेहही परतला. म्हणून रेमिशन मिळवण्याच्या काही महिन्यांइतकेच, किंबहुना त्याहून अधिक लक्ष पुढच्या वर्षांकडे द्यावे लागते.

वजन उतरवण्याचा टप्पा डॉक्टरांच्या देखरेखीखालीच पार पाडावा. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या (ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड) चालू ठेवून जेवण एकदम कमी केले, तर पहिल्या एक-दोन दिवसांतच साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. त्यांचा डोस आहार बदलण्याआधीच ठरवून कमी किंवा बंद करावा लागतो. ‘-ग्लिफ्लोझिन’ने नाव संपणाऱ्या गोळ्या घेताना कर्बोदके फार कमी केली, तर साखर जवळपास सामान्य असतानाही कीटोॲसिडोसिस (चरबी जळून तयार होणाऱ्या कीटोन या आम्लांचे रक्तात धोकादायक प्रमाणात साठणे) होऊ शकतो. ग्लुकोमीटर ‘ठीक’ दाखवत असल्याने तो ओळखायला उशीर होतो, म्हणून मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप अशी लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे आणि रक्तातील कीटोन तपासून घ्यावेत. रक्तदाबाच्या गोळ्यांचा डोसही कमी करावा लागतो. उठून उभे राहताना येणारी चक्कर ही बहुधा तो डोस जास्त होत असल्याची खूण असते. साखर झपाट्याने उतरताना आधीपासूनचा डोळ्यांच्या पडद्याचा विकार काही काळ बळावू शकतो, त्यामुळे पडद्याची तपासणी आधी उरकावी. बद्धकोष्ठता, थंडी वाजणे, केस गळणे आणि पित्ताशयात खडे होणे हे जलद वजन घटण्याचे परिचित परिणाम आहेत. गरोदर व स्तनदा स्त्रिया, खाण्याचे मानसिक विकार असलेले, खूप अशक्त वृद्ध आणि बळावलेला मूत्रपिंडविकार असलेले यांनी हा मार्ग धरू नये.

टिकवण्याचा टप्पा : वजन उतरलेल्या शरीराला पूर्वीइतके अन्न लागत नाही. जुन्या ताटाकडे परतले की वजन वाढू लागते, आणि साखर वाढलेली दिसेपर्यंत अनेक महिने निघून जातात. ताटाची ढोबळ विभागणी उपयोगी पडते : निम्म्या भागात पिष्टमय नसलेल्या भाज्या, पाव भागात डाळी, कडधान्ये, अंडी, मासे किंवा पनीर असे प्रथिन, उरलेल्या पाव भागात धान्य. बटाटा, रताळे आणि मका धान्याच्या वाट्यात धरावेत. दिवसाला १३० ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदके हा कमी कर्बोदकांचा आहार समजला जातो. तो अनेकांना सोयीचा पडतो. मात्र दीर्घकाळ टिकणारा आहार कोणता, हे त्या माणसाच्या सवयींवरच ठरते आणि तोच निवडावा.

मोजताना एक चूक हमखास होते. तक्त्यात कच्च्या धान्याचा आकडा असतो आणि वजन केले जाते शिजलेल्याचे, किंवा उलट. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात जवळपास ८० ग्रॅम कर्बोदके असतात, तर तेवढ्याच वजनाच्या शिजलेल्या भातात सुमारे २८ ग्रॅम. वाटी हे मापही फसवे, कारण चेपून भरलेल्या आणि सैल भरलेल्या वाटीत बराच फरक पडतो. सुरुवातीचे काही आठवडे स्वयंपाकघरात वजनकाटा ठेवला की नजर तयार होते. दुसरी गळती तेलाची. एका मोठ्या चमच्यात (१५ मिली) सुमारे १२० कॅलरी असतात आणि फोडणीत बाटली तिरपी केली की किती चमचे गेले ते कळत नाही. तेल चमच्यानेच घ्यावे. मूठभर म्हणून घेतलेला सुकामेवा ३० ग्रॅम भरला तर साधारण १७० ते १८० कॅलरी होतात. फळ चावून खावे, रस पिऊ नये.

वजन आठवड्यातून एकदा, सकाळी, शौचानंतर, त्याच काट्यावर करावे. एखाद्या दिवशीची किलोभर चढउतार पाण्याची असते. ठरवलेल्या वजनाच्या वर २ किलो सलग दोन आठवडे दिसले, की थांबून न राहता दोन ते चार आठवडे आहार पुन्हा आवळावा. ही मर्यादा आधीच लिहून ठेवलेली असावी. ५ किलो वाढेपर्यंत वाट पाहिली तर परत फिरणे फार अवघड जाते.

तपासण्या : एचबीए१सी पहिल्या वर्षी दर ३ ते ६ महिन्यांनी आणि पुढे वर्षातून किमान एकदा करावे. लोहाच्या कमतरतेमुळे झालेल्या ॲनिमियात हा आकडा फुगलेला येतो. रक्त चढवल्यानंतर किंवा तांबड्या पेशी लवकर नष्ट होणाऱ्या आजारांत तो खोटा कमी दिसतो. घरच्या ग्लुकोमीटरला नियमानुसार सुमारे १५ टक्के चूक माफ असते, म्हणून १२८ या एका आकड्याने घाबरू नये. हात साबणाने धुऊन, कोरडे करून पुन्हा मोजावे. फळ कापलेल्या बोटावरची साखरही थेंबात उतरते. दीर्घकाळ कमी कर्बोदके खाणाऱ्याने ग्लुकोज पिऊन करायची चाचणी द्यायची असल्यास आधीचे ३ दिवस रोज किमान १५० ग्रॅम कर्बोदके घ्यावीत, नाहीतर निकाल विनाकारण वाईट येतो.

डोळ्यांचा पडदा, पाय, लघवीतील अल्ब्युमिन, क्रिएटिनिन, रक्तदाब आणि लिपिड यांच्या वार्षिक तपासण्या रेमिशनमध्येही चालूच राहतात, कारण आधीच्या वर्षांतील वाढलेल्या साखरेने केलेले नुकसान मागाहून उघड होऊ शकते. वैद्यकीय नोंदीत निदान खोडू नये, त्यापुढे ‘रेमिशन’ असे लिहून घ्यावे; निदानच पुसले गेले तर या तपासण्यांचे बोलावणेही बंद होते. ‘मधुमेह कायमचा गेला’ असे सांगणारे नेमक्या याच तपासण्या सोडायला लावतात, म्हणून तसे बोलणे घातक आहे.

परतणारा मधुमेह : एचबीए१सी ६ ते ६.४ दरम्यान सरकू लागले की आहार व वजन तपासण्याची वेळ आलेली असते. स्टेरॉइडच्या गोळ्या, जंतुसंसर्ग किंवा शस्त्रक्रिया यांमुळे वाढलेली साखर बऱ्याचदा तात्पुरती असते. तरी त्या काळात औषध लागले तर घ्यावे. जितकी वर्षे मधुमेह जुना तितक्या बीटा पेशी कमी उरलेल्या असतात, त्यामुळे वजन नीट राखूनही काहींची साखर वाढते. त्यात त्या व्यक्तीचा दोष नसतो, आणि औषध लांबवल्याने तोटाच होतो. मात्र वजन आपोआप घटत असताना साखर वाढू लागली, तर ते आहाराचे यश समजू नये. प्रौढपणी सुरू होणारा स्वप्रतिरक्षित मधुमेह (ज्यात शरीराची प्रतिकारशक्तीच बीटा पेशींवर हल्ला करते) किंवा स्वादुपिंडाचा कर्करोग यांची शक्यता पाहावी लागते. त्यासाठी जीएडी प्रतिपिंडे (या हल्ल्याची रक्तातील खूण) व सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवते ते दाखवणारे) या रक्ततपासण्या आणि गरजेनुसार पोटाचा स्कॅन करून घ्यावा.