गाडीचा नाद आणि कोकणातलं घर : जागा बघायला येण्याआधी एवढं वाचा

‘दोन गाड्यांचं पार्किंग असलेलं घर आहे का?’ असा फोन आला की कोकणातल्या घरांची दलाली करणारे आम्ही उलट विचारतो, गाडी नुसती उभी करायची आहे की उघडायची आहे? उभी करायची असेल तर हे पत्रक बाजूला ठेवा, तशी घरं पुष्कळ आहेत. ज्यांच्याकडे पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर, जुनी जीप किंवा पहिल्या काळातली मारुती आहे, आणि रविवारी जॅक लावून गाडीखाली शिरण्यासाठीच ज्यांना गावाकडे घर हवं आहे, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे.

बांधकामाच्या नियमात एका गाडीचं पार्किंग म्हणजे २.५ बाय ५ मीटर, साधारण सव्वाआठ बाय साडेसोळा फूट. पद्मिनी १.४६ मीटर रुंद. ती बरोबर मध्ये उभी केली तर दोन्ही अंगांना अर्धा-अर्धा मीटर उरतो. त्यात दार अर्धंच उघडतं आणि ट्रॉली जॅकचा दांडा भिंतीला आपटतो. चाक काढून ठेवायचं कुठे, हा पुढचा प्रश्न. म्हणून ‘पार्किंग’ हा शब्द आम्ही ऐकतो, पण हिशोबात धरत नाही.

वाट आधी, घर नंतर

आमचा आणि तुमचा सगळ्यात जास्त वेळ एकाच चुकीत जातो. लोक घराचे फोटो बघतात, खळं (घरापुढचं अंगण) किती मोठं ते विचारतात, मागच्या परसात शेड बसेल का ते विचारतात. मुख्य रस्त्यापासून त्या खळ्यापर्यंत गाडी येते का, हे कोणीच विचारत नाही. मग मुंबई-पुण्याहून सहा-आठ तास गाडी हाकत यायचं, घर मनात भरायचं, आणि परत जाताना वाडीच्या तोंडाशी कळायचं की शेवटचे शंभर फूट पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची दगडी पायवाट, आहे. पाखाडीवरून माणूस, बैल आणि गणपती येतात. गाडी येत नाही.

म्हणून माप घराकडून रस्त्याकडे घेऊ नका, रस्त्याकडून घराकडे घ्या. वाटेतली सगळ्यात अरुंद जागा शोधायची. बहुतेक वेळा ती दोन गडग्यांच्या (दगड रचून केलेल्या कुंपणांच्या) मध्ये, ओहोळावरच्या मोरीवर किंवा वळणावरच्या फणसाच्या बुंध्याशी सापडते. टेप तिथे धरा, जमिनीलगत एकदा आणि कमरेच्या उंचीवर एकदा. गडगा खाली पसरट असतो आणि वर आत झुकलेला असू शकतो, त्यामुळे दोन मापांत अर्ध्या फुटाचा फरक सहज येतो.

गाडीची जी रुंदी तुम्ही सांगता ती कंपनीच्या पत्रकातली, म्हणजे आरसे सोडून असते. दोन्ही आरसे धरले की नव्या गाडीला फूटभर वाढते. सरळ वाटेवर छोट्या गाडीला आठ फूट पुरतात. पण नाद म्हटला की कधीतरी गाडी बंद पडलेली, इंजिन नसलेली किंवा नुसता सांगाडा म्हणून टोइंगच्या सपाट ट्रकवरून येणारच. तो ट्रक स्वतःच आठ फुटांच्या आसपास रुंद असतो. त्याला दहा फूट स्वच्छ वाट लागते आणि वळायला त्याहून जास्त. दहा फुटी वाटेवरून काटकोनात फाटकात शिरायचं असेल तर फाटक बारा फुटांच्या खाली नको. मारुती ८०० ची वळण्याची त्रिज्या ४.४ मीटर, अ‍ॅम्बेसेडरची ५.४ मीटर, म्हणजे मारुती जिथे एका दमात वळते तिथे अ‍ॅम्बेसेडर पुढे-मागे करत बसते. शिवाय हे आकडे चाकाचे आहेत, गाडीचं नाक त्याच्याही बाहेरून फिरतं.

वर बघायला विसरू नका. ट्रकच्या फळीवर चढवलेली गाडी जमिनीपासून साडेआठ-नऊ फुटांवर जाते. घराला येणारी विजेची सर्व्हिस वायर, फाटकावरची कमान, मांडवाची वेल यांपैकी एक तरी आड येतंच.

चढ-उताराचं माप डोळ्यांनी घेऊ नका. कोकणात घर बहुधा रस्त्याच्या खालच्या नाहीतर वरच्या अंगाला असतं. गवंड्याकडची लेव्हलची पारदर्शक नळी घ्या, तिच्यात पाणी भरा, एक टोक रस्त्यावर आणि दुसरं खळ्यात धरा. दोन्हीकडच्या पाण्याची पातळी जमिनीपासून किती वर आहे ते मोजलं की फरक मिळतो. आठ फुटांना एक फूट उतार ही आमची शेवटची हद्द. त्याहून तीव्र असेल तर खाली बसलेल्या गाडीचा पुढचा बंपर किंवा सायलेन्सर उताराच्या सुरुवातीला घासतो. आणि बंद गाडीचा हिशोब वेगळाच. पद्मिनी नऊशे किलोच्या आसपास भरते. दहाला एक चढावर ती ढकलत न्यायची तर शंभरेक किलोचा जोर सतत लावावा लागतो. दोन शेजारी आणि एक पाहुणा यांच्याने ते होत नाही. अशा जागी गॅरेजच्या मागच्या टोकाला काँक्रीटमध्ये लोखंडी कडी बसवून घ्यावी, म्हणजे हाताच्या विंचने गाडी ओढता येते. कडी चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतीत ठोकू नका, ताण आला की चिरा फुटून ती हातात येते.

वाट मोजून झाली की ती कोणाची, ते बघायचं. ‘पूर्वीपासून जातोय’ ही तोंडी वाट पायी जाणाऱ्याला चालते. ट्रक येऊ लागला की शेजाऱ्याला गडग्याची आठवण होते. सातबारावर सहहिस्सेदारांची दहा-बारा नावं असणं इथे नवलाचं नाही, आणि त्यातली निम्मी माणसं मुंबईत असतात. शेतात जायला बांधावरून वाट मागण्याची तरतूद महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ मध्ये आहे खरी, पण ती शेतासाठी आहे. घरामागच्या गॅरेजसाठी तिच्या भरवशावर राहू नका. वाटेचा हक्क लिहून, नोंदवून घ्या. सह्या गणपतीत किंवा शिमग्यात मिळतात, कारण तेव्हाच सगळे चाकरमानी एका ओटीवर सापडतात. जागा मात्र जुलैत बघावी. उन्हाळ्यात सगळीच घरं कोरडी असतात.

आत किती जागा लागते

एका गाडीवर काम करायचं तर बारा बाय वीस फूट. रुंदी अशी धरतो : गाडी पाच ते सहा फूट आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन फूट, म्हणजे दार पूर्ण उघडतं आणि माणूस उकिडवा बसू शकतो. लांबी अशी : गाडी तेरा-चौदा फूट, पुढे कामाचं टेबल दोन फूट, टेबल आणि बंपर यांच्यात अडीच फूट, मागे फिरायला दीड-दोन फूट. इंजिन बाहेर काढणार असाल तर घडीची क्रेन गाडीच्या तोंडासमोर आत-बाहेर करावी लागते. तेव्हा आणखी चार फूट धरा, म्हणजे चोवीस. एक गाडी उघडलेली आणि एक रोजची उभी, असं असेल तर वीस बाय वीसच्या खाली आम्ही घर दाखवत नाही.

हे आकडे ऐकून ‘एवढं कशाला?’ असं विचारतात. उघडलेली गाडी बंद गाडीच्या दुप्पट जागा खाते, म्हणून. बॉनेट, चार दारं, सीटा, बंपर, काचा हे सगळं उभं किंवा आडवं कुठेतरी ठेवावं लागतं, आणि दार ओल्या जमिनीवर टेकवून ठेवलं की खालच्या कडेला गंज धरलाच. जुन्या घराला माळा असेल तर सोनं.

उंचीची चूक पडवीच्या घरांत होते. ‘पडवीत गाडी राहील’ असं मालक सांगतो आणि ते खोटंही नसतं. पण पडवीच्या वळचणीची उंची कित्येकदा सहा-साडेसहा फूटच असते. मारुती आत जाते. थार, जीप किंवा छतावर कॅरिअर असलेली कुठलीही गाडी वाशाला घासते. आत गेलेल्या गाडीचंही बॉनेट पूर्ण उघडलं की कौलाला लागत नाही ना, ते बघा. गाडी उचलायची दोन खांबांची लिफ्ट बसवायचं मनात असेल तर आतून बारा फूट मोकळी उंची हवी. अशी तयार घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच, तेव्हा शेड नव्यानेच बांधावी लागेल हे आधीच धरून चला. रोलिंग शटर लावणार असाल तर वर गुंडाळलेलं शटर फूटभर उंची खातं, तेही वजा करा.

पाऊस, खार आणि जमीन

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. लोकांना वाटतं, चारही बाजूंनी बंद गॅरेज म्हणजे गाडी सुरक्षित. इथे उलटं होतं. ओली गाडी हवाबंद खोलीत ठेवली तर ती आठवडाभर ओलीच राहते. त्यापेक्षा तिन्ही भिंतींना खाली एक आणि वर एक अशा जाळ्या ठेवलेली शेड कितीतरी बरी. दार पश्चिमेला किंवा नैर्ऋत्येला नको, पावसाची झड तिकडूनच येते. तशी जागाच असेल तर छप्पर दाराच्या पुढे तीन फूट काढा. प्लास्टिकचं कव्हर पावसाळ्यात घालू नये. हँडब्रेक ओढून गाडी दोन महिने ठेवली की ब्रेक शू ड्रमला चिकटतात, म्हणून चाकाच्या पुढे-मागे लाकडी ठोकळे लावावेत आणि ब्रेक सोडावा.

समुद्र दिसतो त्या घराला खारा वारा लागतोच. हर्णै, गुहागर, मालवण या पट्ट्यात शटरची खालची पट्टी आधी कुजते आणि गाडीचं सिल (दाराखालची पट्टी) तिच्या मागोमाग. समुद्राचं दर्शन आणि गाडीचा पत्रा यांत काय निवडायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. आमचं मत विचाराल तर किनाऱ्यापासून पंचवीस-तीस किलोमीटर आत, लांजा-संगमेश्वरच्या बाजूला, त्याच पैशात मोठं खळं मिळतं आणि गाडी जास्त वर्षं टिकते. मात्र नदीकाठ बघून. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा किती गाड्या बुडाल्या ते सगळ्यांनी पाहिलं आहे. खेड आणि राजापूरच्या बाजारालाही पूर नवा नाही. भिंतीवरची पुराची खूण नव्या रंगाखाली दडते, म्हणून शेजारच्या जुन्या दुकानात विचारा.

छपराचे पत्रे नुसत्या हुकांवर सोडू नका. जून २०२० च्या निसर्ग आणि मे २०२१ च्या तौक्ते वादळानंतर हे वेगळं सांगायला नको. कडेच्या रांगेतले स्क्रू आतल्यापेक्षा दाट हवेत, कारण पत्रा उचकटायला सुरुवात कडेपासून होते. आणि शेड माडाखाली नको. झावळ पडली तरी विंडस्क्रीन जाते, नारळाचं तर बोलायलाच नको.

जमिनीबद्दल थोडं सविस्तर. सारवलेल्या खळ्यात जॅक रुततो, हे सगळ्यांना माहीत असतं. बंगल्यांच्या नव्या योजनांमध्ये पेव्हर ब्लॉक असतात, तिथे फसगत होते. दिसायला पक्के, पण जॅक स्टँडचा पाय सांध्यावर आला की ब्लॉक तिरका होतो आणि गाडी एका अंगाला झुकते. गुळगुळीत टाइल्सवर ऑइल सांडलं की माणूस घसरतो आणि जॅकच्या चाकाखाली टाइल तडकते. नऊ इंच दगडाची सोलिंग नीट ठोकून, वर २५० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद आणि त्यावर चार इंच काँक्रीट, एवढं पुरतं. लिफ्ट असेल तर सहा इंच. कागद वाचवू नका, तो नसला की पावसाळ्यात जमिनीला घाम फुटतो आणि हत्यारं गंजतात. उतार दाराकडे शंभराला एक, त्याहून जास्त दिला तर स्टँडवर गाडी सपाट बसत नाही. गॅरेज रस्त्याच्या खाली असेल तर दाराबाहेर नऊ इंच रुंद चर आणि त्यावर जाळी. ती जाळी उचलता येणारी हवी, कारण जूनच्या पहिल्या पावसात ती पाल्याने तुंबते.

गाडीखाली उतरायला खड्डा हवा, असं बरेच जण म्हणतात. आम्ही नको म्हणतो. सड्यावर (डोंगरावरच्या पठारावर) कातळ फोडायला ब्रेकर लागतो आणि खाली आगरात (नारळी-पोफळीच्या बागेत) पावसाळ्यात त्याची विहीर होते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती खड्ड्यात साचते, हे वेगळंच. चार चांगले स्टँड घ्या. पेट्रोल विनापरवाना तीस लिटरपर्यंतच घरी ठेवता येतं, तेही नीट झाकणाच्या भांड्यात.

विजेचं थोडक्यात : दोन एचपीपर्यंतचा कॉम्प्रेसर सिंगल फेजवर चालतो, पण वाडीच्या टोकाला संध्याकाळी व्होल्टेज पडतं, तेव्हा मीटरपाशी संध्याकाळी सातला मोजा. जांभ्या जमिनीत अर्थिंग उन्हाळ्यात कोरडं पडतं, त्या खड्ड्यात पाणी घालत राहावं लागतं.

कागद

तुम्ही शेतकरी नसाल तर शेतजमीन नावावर होत नाही, गावठाणातलं घर किंवा बिनशेती प्लॉटच बघावा लागतो. साधी शेडही बांधकामच असते. ग्रामपंचायतीला न विचारता उभी करू नका. २०१९ च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेनुसार ग्रामीण किनाऱ्यावर भरती-रेषेपासून कुठे ५० तर कुठे २०० मीटर ना-विकास क्षेत्र आहे. तिथे जुनं घर मिळालं तरी नवं गॅरेज बांधता येईल असं धरू नका.

आम्ही पाहणीचे पैसे आधी का घेतो

काहींना हे खटकतं. जागा दाखवण्याआधी आमचा माणूस जाऊन वाट, वळण, उतार, उंची आणि जमीन मोजतो, हाताने काढलेला नकाशा आणि अरुंद जागेवर टेप धरलेला फोटो पाठवतो. याचे दीड हजार रुपये. व्यवहार झाला तर ते दलालीतून वजा होतात. दुसरीकडे फुकट दाखवतात हे आम्हाला माहीत आहे. पण तुमचं एका खेपेचं डिझेल आणि एक सुटी यांचा हिशोब करा, आणि मग ठरवा.

फोन करण्याआधी एवढं लिहून ठेवा : प्रत्येक गाडीची लांबी, आरशांसकट रुंदी आणि कॅरिअरसकट उंची, इंजिन काढणार की नाही, वेल्डिंग किंवा रंगकाम करणार का, आणि पुढच्या पाच वर्षांत आणखी एखादी गाडी येणार का. शेवटच्या प्रश्नाला सगळे नाही म्हणतात. आम्ही एक धरूनच चालतो.

सोमवारी कार्यालय बंद असतं. गणपतीत पाच दिवस पाहणी होत नाही, मात्र वाटेच्या सह्या असतील तर आमचा माणूस कागद घेऊन वाडीवर येतो.