ताण-व्यायामांची गती (विश्रांतीची आठवण देणाऱ्या सॉफ्टवेअरमधील)

संगणकावर सलग काम करणाऱ्याला अधूनमधून थांबवून मान, खांदे, मनगटे आणि बोटे यांना ताण देण्याचे व्यायाम दाखवणारी सॉफ्टवेअर मिळतात. ताण किती सेकंद धरायचा, बाजू कधी बदलायची, मध्ये किती उसंत द्यायची, हे ठरवणे म्हणजे व्यायामाची गती बसवणे. चित्रे कितीही सुबक असोत, गती चुकली की व्यायाम नुसता उरकला जातो.

याचे कारण शरीरात आहे. स्नायू झटक्याने ताणला की त्यातली ताण ओळखणारी संवेदी टोके जागी होतात आणि स्नायू उलट आखडतो. म्हणून सावकाश ताणाच्या टोकापर्यंत जायचे आणि तिथे स्थिर राहायचे. प्रौढांसाठी 10 ते 30 सेकंद धरणे योग्य मानले जाते. हे सेकंद स्थिर राहण्याचे आहेत. तिथवर पोहोचण्याचा वेळ त्यात धरायचा नसतो.

वर्करेव्ह हे मुक्त सॉफ्टवेअर मूळ मांडणीत दर 3 मिनिटांनी 30 सेकंदांचा छोटा विराम आणि दर 45 मिनिटांनी 10 मिनिटांची विश्रांती देते. व्यायाम मोठ्या विश्रांतीत येतात. प्रत्येक चित्राला स्वतःचे सेकंद नेमलेले असतात, आणि दुसऱ्या बाजूसाठी तेच चित्र आरशातल्यासारखे उलटवता येते. स्ट्रेचली या अशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरचा छोटा विराम दर 10 मिनिटांनी येतो आणि 20 सेकंदांत संपतो. एवढ्यात मान दोन्ही बाजूंना 10-10 सेकंद धरायची म्हटली, तर वळायला एक सेकंदही उरत नाही. छोट्या विरामात एकच क्रिया द्यावी, हे उत्तम.

वडोदऱ्यात रावपुऱ्यातल्या एका हिशेबाच्या कार्यालयात हे जवळून पाहिले. विवरणपत्रे भरणारे काका मान उजवीकडे वळवून बसले होते. पडदा डावीकडे राहिला, त्यामुळे उरलेले सेकंद त्यांना दिसेनात. त्यांनी डोळे तिरके केले, मग हनुवटी थोडी सरकली, आणि पाहता पाहता मान पुन्हा मधोमध आली. ताण जेमतेम चार सेकंद टिकला असेल. मानेच्या व्यायामात आकडा दाखवून भागत नाही, बाजू बदलण्याची खूण कानावर पडावी लागते. कार्यालयात मोठा आवाज चालत नाही, पण हलकी टिकटिक आणि शेवटी वेगळा सूर एवढे पुरते.

या शहराला मोजणीवर चालणारा व्यायाम नवा नाही. दांडिया बाजारातल्या जुम्मादादा व्यायाम मंदिराचे राजरत्न प्रो. माणिकराव यांनी सांघिक कवायतीसाठी हिंदी आज्ञा बसवल्या. पुढे 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंस्था काढणारे स्वामी कुवलयानंद हे त्यांचेच विद्यार्थी. सांघिक व्यायामात मोजणी देणाऱ्याची नजर रांगेवर असते. कोणी मागे पडला, तर तो पुढचा आकडा किंचित उशिरा उच्चारतो. यंत्राला ही नजर नाही, म्हणून ती उसंत आधीच हिशेबात धरून ठेवावी लागते. थांबवण्याचे, मागे जाण्याचे आणि पुढे सरकण्याचे बटण हवे, ते याचसाठी. वर्करेव्हमध्ये ही सोय आहे.

मानेचाच हिशेब करून पाहा. 15 सेकंदांचा ताण, दोन बाजू, दोन वेळा, म्हणजे 60 सेकंद. चार वेळा वळायला प्रत्येकी 4 धरले तर 16, आणि सूचना वाचायला 8. एकूण 84. ज्याने नेमका एक मिनिट ठेवला, त्याच्या व्यायामातून 24 सेकंद ताणातूनच कापले जातात. वाचण्याचा वेळ तर हमखास विसरला जातो. घरी मराठी, दुकानात गुजराती आणि पडद्यावर इंग्रजी अशा वडोदरेकराला परिच्छेदभर सूचना उलगडायलाच दहा सेकंद लागतात, आणि तोवर घड्याळ धावत असते.

वर्करेव्हचे व्यायाम एका साध्या मजकूर-फाइलीत लिहिलेले असतात. ती उघडून सेकंद वाढवता येतात आणि सूचना मराठीत घालता येतात. त्या एका नजरेत वाचून व्हाव्यात इतक्या आखूड हव्यात: ‘मान उजवीकडे. थांबा. मधोमध या. आता डावीकडे.’