आउटबोर्ड इंजिनाचा पॉवर लॉस

पॉवर लॉस म्हणजे इंजिन चालू आहे, बंद पडलेलं नाही, पण थ्रॉटल, म्हणजे वेगाचा दांडा, पूर्ण पुढे टाकला तरी बोट नेहमीसारखी उचलत नाही, नाक वर करून तशीच पाणी ढकलत राहते. मालवण, तारकर्ली, देवबाग, मुरूड, अलिबाग, तिकडे गोव्यात कळंगुट-बागा, सगळीकडे पर्यटकांना फिरवणाऱ्या, डॉल्फिन दाखवणाऱ्या, बनाना राइड ओढणाऱ्या बोटींच्या मागच्या फळीवर बहुतेक आउटबोर्ड इंजिनच असतं, त्यामुळे ही तक्रार किनाऱ्यावर सीझनभर ऐकू येते. कोणी म्हणतं इंजिन ओढत नाही, कोणी म्हणतं लोड घेत नाही, कोणी म्हणतं मिसिंग मारतंय. या तिन्हींचा अर्थ एकच नाही आणि निदान तिथूनच सुरू होतं.

भर समुद्रात असं झालं तर कव्हर उघडायच्या आधी नांगर टाकायचा. वारा आणि प्रवाह बोटीला खडकाकडे कधी नेतात ते इंजिनात डोकं घातलेल्या माणसाला कळत नाही. पंख्याजवळ, म्हणजे प्रोपेलरजवळ, हात घालायचा असेल तर इंजिन बंद आणि किल स्विचची, म्हणजे इंजिन तात्काळ बंद करणाऱ्या स्विचची, दोरी काढलेली हवी, यात तडजोड नाही.

पहिला प्रश्न एकच, आरपीएम, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या, चढतात की नाही? बहुतेक फोर स्ट्रोक आउटबोर्ड फुल थ्रॉटलला साधारण ५००० ते ६००० आरपीएम देतात, नेमका आकडा त्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये असतो. आरपीएम चढतायत, आवाज मोठा येतोय पण बोट पुढे जात नाही, तर इंजिन ठीक आहे, ताकद पाण्यापर्यंत पोचत नाहीये, म्हणजे पंखा नाहीतर पंख्याचा हब, म्हणजे त्याचा मधला भाग, बघायचा. आरपीएमच चढत नसतील तर पेट्रोल, हवा, स्पार्क, नाहीतर इंजिनाने स्वतःच स्वतःला दाबून धरलंय. आणि इंजिनाला दोष देण्याआधी बोटीतली माणसं मोजा, तळातलं पाणी उपसा. दिवाळीच्या गर्दीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं भरली की कुठलंही इंजिन मेलेलं वाटतं, आणि ते धोक्याचंही आहे. बरेच दिवस पाण्यात उभ्या असलेल्या बोटीच्या बुडाला शेवाळ आणि बार्नाकल (चिकटून बसणारे कवचाचे जीव) धरले तरी हेच होतं.

सगळ्यात जास्त वेळा घोटाळा पेट्रोलच्या वाटेवर असतो आणि त्यातलाही अर्धा टाकीपाशी, म्हणून सुरुवात टाकीपासून करायची, कार्बोरेटर उघडून नाही. २४-२५ लिटरची सुटी टाकी असेल तर झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का ते बघा, तो बंद राहिला की दहा-पंधरा मिनिटं बोट मस्त पळते आणि मग टाकीत व्हॅक्यूम धरून इंजिन हळूहळू दम टाकतं. झाकण उघडताना फस्स आवाज आला तर कारण सापडलं. मग पाइपातला रबरी हातपंप बघा, ज्याला प्रायमर बल्ब म्हणतात. पॉवर पडत असताना तो चपटा ओढला गेला असेल तर अडथळा त्याच्या मागे आहे, म्हणजे टाकी, टाकीतली जाळी, नाहीतर बोटीत बसवलेल्या टाकीवरचा अँटी सायफन व्हॉल्व्ह, म्हणजे पेट्रोल आपोआप वाहून जाऊ न देणारी झडप. बल्ब चपटा नाही, पण हाताने दाबत राहिलं की इंजिन परत जोर धरतं, असं असेल तर फ्युएल पंपाचा पडदा कमजोर झालाय नाहीतर कुठल्यातरी जोडातून हवा ओढली जातेय. बल्बवर बाण असतो, तो इंजिनाकडे हवा, पाइप बदलताना उलटा बसवलेला बल्बही सापडतो. एक फसवी गोष्ट म्हणजे पाइपाचं आतलं अस्तर सुटणं, बाहेरून पाइप नवा कोरा दिसतो, आयडलला, म्हणजे थ्रॉटल न देता इंजिन चालू असताना, पेट्रोल पुरतं, पण ओढ वाढली की आतला पापुद्रा उठून वाट बंद करतो. या सगळ्याचा सोपा निकाल म्हणजे दुसरी स्वच्छ टाकी, तिच्या स्वतःच्या पाइप आणि बल्बसकट, लावून बोट पळवून बघणं. इंजिन नीट चाललं तर दोष मागे बोटीत आहे, इंजिनाला हात लावायची गरजच नाही. इतका स्वस्त आणि खात्रीचा प्रयोग सोडून लोक हजारोंचे पार्ट का बदलत बसतात ते खरंच कळत नाही.

पेट्रोलच खराब असणं हा वेगळा विषय आणि तो आता वाढलाय. आपल्याकडे २०२३ पासून ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं, पेट्रोल यायला लागलं आणि आता पंपावर बहुतेक तेच मिळतं, तर बऱ्याच आउटबोर्ड कंपन्यांची मॅन्युअलं १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं सांगतात. इथेनॉल पाणी धरतं, कोकणातल्या दमट हवेत अर्धी रिकामी टाकी महिनोन्महिने पडून राहिली की पाणी साठत जातं, आणि एका मर्यादेनंतर पाणी-इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाला बसतात, नेमके जिथून इंजिन पेट्रोल ओढतं तिथेच. फिल्टरच्या वाटीतलं पेट्रोल पारदर्शक काचेच्या बाटलीत काढून थोडा वेळ स्थिर ठेवा, पाणी असेल तर खाली वेगळा थर पडतो, बाटली तिरकी केली की त्याची रेघ सरकताना स्पष्ट दिसते. तो थर दिसला की टाकी पूर्ण रिकामी करून पुसायची, नुसता फिल्टर बदलून भागत नाही. पाणी वेगळं करणारा १० मायक्रॉनचा फिल्टर प्रत्येक बोटीला हवाच.

मे अखेरीला वॉटर स्पोर्ट्स बंद होतात ते पावसाळा संपेपर्यंत, आणि सप्टेंबरात बोटी उतरल्या की पॉवर लॉसच्या तक्रारींची रांग लागते त्याचं कारण हेच. कार्बोरेटरमध्ये राहिलेलं पेट्रोल उडून चिकट थर राहतो, जेटची, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक तोट्यांची, भोकं बुजतात. आयडल छान पण पुढे चढत नाही असं असेल तर मेन जेट, चोक ओढला तरच चालू राहतं असं असेल तर आयडलचा बारीक जेट. जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठं होतं आणि मग मिश्रण कायमचं बिघडतं, क्लीनर स्प्रे आणि हवेचा झोत पुरतो. ईएफआय, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल सोडणाऱ्या, इंजिनात कार्बोरेटर नसतो पण फिल्टर, पेट्रोलची वाफ वेगळी करणारा व्हेपर सेपरेटर आणि इंजेक्टर असतात, तिथे स्कॅनर लावणारा माणूस लागतो.

इंजिन अचानक २०००-३००० आरपीएमवर अडकलं आणि बीप वाजतोय तर तो बिघाड नाही, बचाव आहे. तापमान वाढलं किंवा ऑइलचं प्रेशर पडलं की आजची इंजिनं स्वतःच आरपीएम कमी करतात. अशा वेळी थ्रॉटल रेटणं किंवा चावी बंद-चालू करून बीप घालवणं म्हणजे पिस्टन जाळायची तयारी. इंजिन बंद करून थंड ठेवण्यासाठी पाणी घेण्याची जाळी बघा, प्लास्टिकची पिशवी चिकटलेली असणं इतकं नेहमीचं आहे की मुंबई बंदरात आणि खाड्यांमध्ये तेच आधी बघावं. मग मागून येणारी पाण्याची धार. धार नसेल तर आधी तिच्या भोकात बारीक तार घाला, मीठ अडकलेलं असतं, पावसाळ्यात पडून राहिलेल्या इंजिनात कुंभारमाशीने मातीचं घरही केलेलं असतं. तरी धार नाही तर वॉटर पंपाचा रबरी इम्पेलर, म्हणजे पात्यांचं चाक, गेला. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथल्यासारख्या उथळ, रेतीच्या जागी ओहोटीला इंजिन चालवलं की रेती पंपात जाऊन इम्पेलर आणि त्याचं घर दोन्ही खरवडते. इम्पेलर वर्षाला बदलावा, आणि जुन्याची पाती तुटलेली निघाली तर ते तुकडे शोधून काढल्याशिवाय नवा बसवू नये, ते वर जाऊन पाण्याच्या वाटा अडवतात. धार चांगली आहे म्हणजे इंजिन थंड आहे असंही नाही, थर्मोस्टॅट, म्हणजे तापमानाप्रमाणे पाणी सोडणारी झडप, मिठाने जाम झालेला असू शकतो. रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने फ्लश करण्याला पर्याय नाही.

मिसिंग असेल, म्हणजे थरथर आणि तुटक आवाज, तर एखादा सिलिंडर काम करत नाहीये. प्लग काढून क्रमाने फळीवर मांडा. फिक्या तपकिरी रंगाचे ठीक, काळे काजळलेले म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरट म्हणजे पेट्रोल कमी नाहीतर गरमी, आणि बाकी सगळे सारखे असताना एकच ओला निघाला तर त्या सिलिंडरला स्पार्क नाही. प्लगच्या जागा अदलाबदल केल्या आणि दोष प्लगबरोबर सरकला तर प्लग, तिथेच राहिला तर कॉइल किंवा वायर. बॅटरीचे टर्मिनल हिरवे पडलेले असले तरी ईएफआय इंजिन असेच चाळे करतं. जुन्या टू स्ट्रोकला पेट्रोलमध्ये मिसळायच्या ऑइलचं प्रमाण साधारण ५०ला १, म्हणजे लिटरला २० मिली, अंदाजाने जास्त ओतलं की प्लग काळे होणारच.

एक छोटी चाचणी फार कमी लोक करतात. कव्हर काढल्यावर आरपीएम वाढले तर आत हवा कमी पडतेय, नाहीतर एक्झॉस्टचा धूर कव्हरच्या आत गळतोय. मात्र फिरत्या फ्लायव्हीलपासून कपडे आणि केस लांब ठेवा. थ्रॉटल पूर्ण टाकला तेव्हा इंजिनावरची हवा आत सोडणारी फुलपाखरी झडप खरंच पूर्ण उघडते का तेही बघा, इंजिन बंद ठेवून, केबल ताणलेली असेल तर अर्ध्यावरच थांबते.

आता पंखा. त्याच्या मधे रबरी हब असतो, दगडाला लागलं तर गिअर वाचावे म्हणून तो घसरतो, आणि एकदा सुटला की आरपीएम वाढतात, बोट नाही. हबवरून पंख्यावर मार्करने सरळ रेघ ओढा, एक फेरी मारून या, रेघ तुटलेली दिसली तर हब गेला. तोवर हळू चालवत किनारा गाठता येतो. जाळ्याचा तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, शाफ्टला गुंडाळला असेल तर तो सील कापतो, मग आत पाणी शिरून गिअर ऑइल दुधासारखं निघतं. पंखा बदलल्यापासूनच ओढ कमी झाली असेल तर पिच, म्हणजे एका फेरीत पंखा तत्त्वतः किती इंच पुढे जातो ते, बघा, एक इंच पिच कमी केला की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात.

हे सगळं बरोबर निघालं तरच कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासायचं. इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, स्पार्क बंद केलेला, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि बॅटरी भरलेली. आकडा किती यापेक्षा सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा, १० ते १५ टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. एक सिलिंडर खूप खाली असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल घालून परत मोजा, आकडा वर आला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, तिथेच राहिला तर फोर स्ट्रोकमध्ये बहुधा व्हॉल्व्ह नाहीतर हेड गॅसकेट, आणि मग काम किनाऱ्यावरचं नाही, वर्कशॉपचं.