टेंगूळ, आईची नजर आणि सीटी स्कॅन

पलंगावरून पडलेलं मूल दवाखान्यात पोहोचतं तेव्हा बहुतेक वेळा त्याचं रडून झालेलं असतं. रडत असते ती आई. कपाळावर टेंगूळ, त्यावर घाईघाईत लावलेली हळद, आणि दारातूनच प्रश्न: "डॉक्टर, एकदा सीटी काढून घ्यायचा का? निदान मनाला शांतता." या प्रश्नामागची भीती खरी आहे. उत्तर मात्र गेल्या पन्नास वर्षांत दोनदा बदललं, आणि ते का बदललं हे प्रत्येक आईबापाला माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आधी भीतीबद्दल. डोक्याला मार लागल्यावर कधीकधी कवटीचं हाड आणि मेंदूवरचं आवरण यांच्या मधली रक्तवाहिनी फुटते. पेशंट शुद्धीवर असतो, बोलतो, पाणी मागतो. आत रक्त साचत राहतं आणि काही तासांत मेंदूवर दाब येऊन तो कोसळतो. अशा 'बोलले आणि गेले' पेशंटचा अभ्यास ग्लासगोच्या डॉक्टरांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच्या आदल्याच वर्षी त्याच शहरातल्या टीझडेल आणि जेनेट यांनी शुद्धी मोजण्याची मोजपट्टी दिली होती. डोळे उघडतो का, बोलतो का, हातपाय हलवतो का, यावर गुण द्यायचे. आज 'किरकोळ मार' म्हणजे काय हे ठरतं ते याच मोजपट्टीवर: १५ पैकी १४ किंवा १५ गुण.

तेव्हा हाताशी होता साधा एक्स-रे. त्यात हाडाची तडा दिसते, रक्त दिसत नाही. तडा असून आत काहीच नाही अशी मुलं असत, आणि तडा नसून रक्तस्राव झालेलीही असत. म्हणून एक्स-रे हातात घेऊनही डॉक्टर रात्रभर डोळ्यांच्या बाहुल्या तपासत बसायचे.

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळच्या विम्बल्डनमध्ये, अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात, गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रातून पहिल्या रुग्णाच्या डोक्याची प्रतिमा घेतली गेली. हाउन्सफील्ड ईएमआय या कंपनीत इंजिनिअर होते. गाण्यांच्या तबकड्यांसाठी जगभर ओळखली जाणारी हीच ती कंपनी. कवटी न उघडता आतलं रक्त दिसू लागलं. १९७९ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल हाउन्सफील्ड आणि यामागचं गणित मांडणारे अ‍ॅलन कॉरमॅक यांना मिळालं ते यासाठीच. असंख्य जीव या यंत्राने वाचवले आहेत, आणि पुढे जे लिहिणार आहे ते वाचताना हे विसरून चालणार नाही.

सुरुवातीला एकेका छेदाला, म्हणजे डोक्याच्या एका आडव्या कापाच्या प्रतिमेला, काही मिनिटं लागत. दोन वर्षांचं मूल तेवढा वेळ डोकं स्थिर ठेवणार कसं? त्याला औषध देऊन झोपवावं लागे आणि त्यासाठी भूलतज्ज्ञ हवा. त्यामुळे मुलांचा सीटी सहज निघत नसे. ही अडचण गेली १९९० च्या सुमाराला, फिरत फिरत सलग प्रतिमा घेणारी यंत्रं आली तेव्हा. नंतर एकाच फेरीत अनेक छेद घेणारी यंत्रं आली आणि डोक्याचा स्कॅन काही सेकंदांवर आला. मूल आईचं बोट सोडून टेबलावर पडायचं आणि रडायला सुरुवात करेपर्यंत काम झालेलं असायचं. अमेरिकेत १९८० मध्ये वर्षाला सुमारे ३० लाख सीटी होत. २००६ पर्यंत तो आकडा ६ कोटी २० लाखांवर गेला. त्यातले किमान ४० लाख मुलांचे. वापर वाढला त्यामागे यंत्राचा वेग हे एक मोठं कारण होतं, असं माझं मत आहे. जे सहज होतं, ते 'करून टाकू' या सदरात जातं.

पहिली ठेच लागली २००१ मध्ये. त्या वर्षी डेव्हिड ब्रेनर आणि सहकाऱ्यांनी मुलांच्या सीटीमध्ये वापरल्या जाणाऱ्या एक्स-रे किरणांच्या धोक्याचा हिशोब मांडला. वर्षभराच्या बाळाच्या डोक्याच्या एका सीटीमुळे पुढे आयुष्यात कर्करोगाने मृत्यू येण्याची जास्तीची शक्यता त्यांनी सुमारे ०.०७ टक्के धरली. हा अंदाज होता, आणि त्याचा पाया हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांच्या नोंदी हा होता. पण त्याच सुमाराला पुढे आलेली दुसरी गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. बऱ्याच ठिकाणी लहान मुलांचा स्कॅन मोठ्या माणसाच्याच सेटिंगवर काढला जात होता. इवल्याशा डोक्याला बापाच्या मापाचा डोस! मुलांच्या पेशी झपाट्याने वाढत असतात आणि त्यांच्यापुढे सारं आयुष्य पडलेलं असतं, म्हणून तोच डोस त्यांना जास्त महागात पडतो. २००८ मध्ये बाल-रेडिओलॉजिस्ट मंडळींनी 'इमेज जेंटली' ही मोहीम सुरू केली, ती मुलाच्या मापाने डोस ठरवा हे सांगण्यासाठी.

अंदाजाला प्रत्यक्ष मोजणीचा आधार मिळाला २०१२ मध्ये. ब्रिटनमध्ये १९८५ ते २००२ या काळात लहान वयात सीटी झालेल्या पावणेदोन लाखांहून अधिक जणांच्या नोंदी तपासल्या गेल्या. दहा वर्षांखालच्या मुलांच्या डोक्याच्या १०,००० स्कॅनमागे पुढच्या दहा वर्षांत रक्ताच्या कर्करोगाचा एक आणि मेंदूच्या गाठीचा एक जास्तीचा रुग्ण, असं उत्तर निघालं. युरोपातल्या ९ देशांच्या २०२३ च्या अभ्यासाचं मेंदूच्या कर्करोगाबद्दलचं उत्तरही याच्या जवळपासच आहे. धोका छोटा आहे. ज्या मुलाला स्कॅनची खरी गरज आहे त्याच्या बाबतीत तो मनातही आणू नये. पण गरज नसताना घेतलेला छोटा धोका हाही धोकाच.

मग गरज कुणाला, हे ओळखायचं कसं? ब्रिटनने २००६ मध्ये आणि कॅनडाने २०१० मध्ये आपापले निकष मांडले. सर्वांत मोठं काम झालं उत्तर अमेरिकेत. तिथल्या २५ आपत्कालीन विभागांनी मिळून २००४ ते २००६ या काळात डोक्याला किरकोळ मार लागलेल्या ४२,४१२ मुलांची नोंद केली. नेथन कुपरमन आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २००९ मध्ये आला, आणि त्यातले निकष संशोधन-जाळ्याच्या नावावरून 'पेकार्न' म्हणून ओळखले जातात. साधारण ३५ टक्के मुलांचा सीटी काढला गेला होता. खरोखर महत्त्वाची इजा निघाली ०.९ टक्के मुलांत. मेंदूची शस्त्रक्रिया लागली ६० जणांना. बेचाळीस हजारांत साठ.

या निकषांत मोठं गणित नाही, आणि म्हणूनच ते मला आवडतात. दोन वर्षांवरच्या मुलाबद्दल सहा प्रश्न: वागणं-बोलणं ठीक आहे का, शुद्ध हरपली होती का, उलटी झाली का, डोकं फार दुखतंय का, कवटीच्या तळाच्या फ्रॅक्चरची खूण आहे का, मार जबर होता का. सगळी उत्तरं चांगली आली तर मोठी इजा असण्याची शक्यता ०.०५ टक्क्यांहून कमी.

दोन वर्षांखालचं मूल डोकं दुखतं हे सांगू शकत नाही. तिथे बोटांनी वाचावं लागतं. अनुभवी डॉक्टर टेंगळाच्या कडेकडेने बोटं फिरवत जातात. कपाळावरचं टेंगूळ दिसायला भयंकर, पण सहसा निरुपद्रवी. कानाच्या वर किंवा मागच्या बाजूला, जास्त पिकलेल्या चिकूसारखं दबणारं टेंगूळ असेल तर बोटं तिथेच थांबतात. त्याखाली तडा असू शकते. आणि या वयासाठीच्या निकषांत एक ओळ अशी आहे: मूल नेहमीसारखं वागतंय, असं आईवडिलांना वाटतं का? "हा असा नाहीये हो, काहीतरी वेगळं आहे" या आईच्या वाक्याला बेचाळीस हजार मुलांच्या अभ्यासाने तपासणीचा दर्जा दिला.

२०१७ मध्ये ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या वीस हजार मुलांवर हे तिन्ही ठिकाणचे निकष पडताळले गेले, आणि पेकार्न पक्के ठरले.

मात्र तीन मुलांतलं जवळपास एक मूल मधल्या गटात पडतं. एखादी उलटी, क्षणभर हरपलेली शुद्ध. तिथे सीटी किंवा काही तास नजरेखाली ठेवणं, दोन्ही मान्य. नजरेखाली ठेवणं म्हणजे काही न करणं, असा आपल्याकडे समज आहे, आणि तो डॉक्टरांनाही अडचणीत आणतो. १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आली. 'सीटी का नाही काढला?' असं उद्या कोर्टात कुणी विचारलं तर काय, ही धाकधूक मी जवळून पाहिली आहे. शिवाय हे निकष जिथे घडले तिथे मूल रात्री पुन्हा आणणं सोपं असतं. पाड्यावरून शेवटच्या एसटीने आलेल्या बाईला 'घरी जा, लक्ष ठेवा' म्हणून भागत नाही; तिच्या मुलाला रात्रभर वॉर्डातच ठेवायला हवं. आणि वडिलांच्या मोटारसायकलवर टाकीवर बसलेलं, हेल्मेट नसलेलं मूल रस्त्यावर फेकलं गेलं असेल तर ती जबर माराचीच केस, मग ते कितीही हसत असो.

घरी पाठवलेल्या मुलासाठी: 'डोक्याला लागलंय, झोपू देऊ नका' हा आजीचा सल्ला आता डॉक्टर सहसा देत नाहीत. झोपेची वेळ झाली तर झोपू द्यावं. मधून हाक मारल्यावर ते नेहमीसारखं कुरकुरत जागं होतं का, तेवढं पाहावं. पुन्हा पुन्हा उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झटका, नाकाकानातून पाण्यासारखा स्राव, किंवा उठवूनही न उठणं, यातलं एक जरी दिसलं तरी तडक दवाखाना गाठायचा. तेव्हा सीटी काढायचाच, आणि तो काढताना कुणी कचरायचं कारण नाही.