आयपॅडची मेमरी : घेताना किती घ्यावी आणि भरल्यावर काय करू नये

(आमच्याकडून आयपॅड घेणाऱ्या आणि दुरुस्तीला आणणाऱ्या ग्राहकांसाठी)

"मेमरी वाढवून मिळेल का?" हा प्रश्न काउंटरवर रोज येतो, म्हणून त्याचं उत्तर आधीच देऊन टाकतो. मिळत नाही. आयपॅडमधली स्टोरेजची चिप मुख्य बोर्डावर सोल्डर केलेली असते आणि कार्ड घालायला खाच नसते. २०१० साली १६ जीबीचा पहिला आयपॅड आला तेव्हाही नव्हती, आजच्या लाखभराच्या आयपॅड प्रोलाही नाही. सॅमसंगच्या टॅब एस९ किंवा एस१० मालिकेत मायक्रोएसडी कार्ड बसतं. ज्यांना फक्त सिनेमे आणि पीडीएफ साठवायच्या आहेत त्यांना आम्ही ते टॅबही दाखवतो, आयपॅडच घ्या असा आग्रह नाही.

जुनी चिप काढून मोठी बसवून देणारे कारागीर आहेत, हे आम्हाला माहीत आहे. आम्ही ते काम घेत नाही. वॉरंटी जाते, नवी चिप कोरी असल्यामुळे आतला डेटा तसाही येत नाही, आणि बोर्डाला जास्त उष्णता लागली तर साठ हजारांची वस्तू हातची जाते. "तिकडं करून देतात, तुम्हालाच जमत नाही," असं कुणी म्हणालं तर ऐकून घेतो.

म्हणजे जागेचा निर्णय बिल होण्याआधीच घ्यायचा असतो. खरेदीच्या वेळी आम्ही चार प्रश्न जास्त विचारतो आणि तुमच्या सध्याच्या फोनमधला किंवा टॅबमधला स्टोरेजचा पडदा बघायला मागतो, ते यासाठी. काहींना ती चौकशी वाटते. पण एकदा सील फोडून आयपॅड सुरू केला की वॉरंटी चालू होते आणि तो नवा म्हणून विकता येत नाही. "१२८ नको होता, २५६ द्या" असं दुसऱ्या दिवशी सांगितलंत तर आम्हाला तो जुन्या मालाच्या भावानेच घ्यावा लागतो. दोघांचंही नुकसान.

भावाचं गणित

कंपनीचे बाजारात आणतानाचे भाव सांगतो, म्हणजे अंतर कळेल. आजचा भाव आणि बँकेची सवलत काउंटरवर विचारा, ते बदलत राहतात.

मार्च २०२५ मध्ये आलेला ११ इंची आयपॅड एअर १२८ जीबीला ५९,९०० रुपये, २५६ ला ६९,९००, ५१२ ला ८९,९०० आणि १ टीबीला (म्हणजे हजारेक जीबीला) १,०९,९०० असा होता. मे २०२४ चा ११ इंची प्रो २५६ जीबीपासूनच सुरू झाला, ९९,९०० रुपयांना. ५१२ ला १,१९,९००, १ टीबीला १,५९,९००, २ टीबीला १,९९,९००. भागाकार करून पाहा. एअरमध्ये १२८ वरून २५६ ला जा किंवा प्रोमध्ये २५६ वरून ५१२ ला, वाढीव प्रत्येक जीबीला साधारण ७८ रुपयेच पडतात. एअरमध्ये ५१२ वरून १ टीबीला जाताना मात्र तोच दर जवळजवळ निम्म्यावर येतो. तरी १ टीबीचा एअर आम्ही क्वचितच सुचवतो. एवढे पैसे खर्च करणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा प्रोचा पडदा हवा असतो.

प्रो महाग झाला अशी तक्रार येते, त्यात अर्धंच तथ्य आहे. २०२२ चा ११ इंची प्रो ८१,९०० पासून होता, पण तो १२८ जीबीचा. कंपनीने सर्वांत खालची पायरीच काढून टाकली, त्यामुळे सुरुवातीचा आकडा एकदम वर गेला.

प्रोमध्ये आणखी एक गोष्ट आहे, जी विकणारे सहसा सांगत नाहीत. २०२४ च्या प्रोमध्ये २५६ आणि ५१२ ला रॅम (ॲप चालताना लागणारी तात्पुरती मेमरी, साठवणीची नव्हे) ८ जीबी, तर १ आणि २ टीबीला १६ जीबी. प्रोसेसरचा एक गाभाही (कोर) जास्त, आणि चकाकी न मारणारी नॅनो टेक्श्चर काच हवी असेल तर तीही फक्त याच दोन मॉडेलांत. म्हणजे ५१२ वरून १ टीबीला जाताना लागणारे चाळीस हजार नुसत्या जागेचे नाहीत. प्रोक्रिएट या चित्रकलेच्या ॲपमध्ये मोठ्या कॅनव्हासवर शंभर थर लावणाऱ्याला ते वसूल होतात. ईमेल आणि झूम मीटिंगवाल्याला कधीच होणार नाहीत.

सिमचा आयपॅड घेणाऱ्यांसाठी दोन शब्द. २०२४ च्या प्रोमध्ये सिमच्या मॉडेलला वीस हजार जास्त पडत होते, म्हणजे नेमकी २५६ वरून ५१२ ला जाण्याची किंमत. फोनचा हॉटस्पॉट सगळ्यांकडे आहे. साइटवर दिवसभर फिरणारे इंजिनिअर सोडले तर बाकीच्यांनी ते वीस हजार जागेत घालावेत, असं आमचं मत.

मग किती घ्यावी?

नोट्स, वाचन, ऑनलाइन वर्ग, थोडे फोटो : १२८ चालतो. पण नीट, जेईईचे विद्यार्थी क्लासच्या ॲपमध्ये तासन्‌तास लेक्चर डाउनलोड करून ठेवतात. ती त्या ॲपच्या आतच राहतात, पेनड्राइव्हवर काढता येत नाहीत. अशांना आम्ही २५६ देतो. दोन वर्षांत परत यायची वेळ येत नाही.

व्हिडिओ करणाऱ्यांनी आधी मिनिटांचा हिशेब करावा. नेहमीच्या एचईव्हीसी (कमी जागा घेणाऱ्या) प्रकारात १०८०पीचं एक मिनिट साधारण ६० एमबी, ४के ३० फ्रेमचं १७०, ४के ६० फ्रेमचं ४०० एमबी घेतं. हे आकडे आयपॅडच्या कॅमेरा सेटिंगमध्येच लिहिलेले आहेत, तिथे जाऊन बघा. प्रोरेस या एडिटिंगसाठीच्या, कमी दाबलेल्या प्रकारात ४के चं एक मिनिट सहा जीबीच्या घरात जातं, म्हणजे दहा मिनिटांत साठ जीबी. लग्नाचं शूटिंग आयपॅडवर कापणाऱ्यांनी, बाहेरची ड्राइव्ह जोडायची नसेल तर, ५१२ च्या खाली जाऊ नये.

सगळ्यांत जास्त वेळ जातो तो इथे

गेल्या काही वर्षांत आमच्या टेबलावर आलेली सर्वांत वाईट प्रकरणं हार्डवेअरची नव्हतीच. ती अशी असतात : आयपॅड भरला, कुणीतरी सांगितलं आयक्लाउड (ॲपलची इंटरनेटवरची भाड्याची जागा) घ्या, महिना २१९ रुपये भरून २०० जीबी घेतले. तरी 'स्टोरेज फुल'चा संदेश जाईना. मग 'फोटो तर आयक्लाउडमध्ये आहेतच' असं धरून गॅलरीतले फोटो निवडून निवडून काढून टाकले. दीड महिन्याने लक्षात आलं की फोनमधलेही गेलेत.

आयक्लाउड फोटो म्हणजे कपाट नव्हे, आरसा आहे. आयपॅडवर काढलं की आयक्लाउडमधून जातं, तिथून गेलं की त्याच अकाउंटवरच्या आयफोनमधूनही जातं. काढताना पडद्यावर तसा इशाराही येतो. तो वाचायच्या आत बोट 'डिलीट'वर पडलेलं असतं. काढलेले फोटो 'रीसेंटली डिलीटेड'मध्ये ३० दिवस राहतात. तेवढ्यात आलात तर परत मिळतात, आणि त्याला आमच्याकडे यायचीही गरज नाही. त्यानंतर आलात तर आम्ही काहीही करू शकत नाही. आतला डेटा सांकेतिक करून ठेवलेला असतो, चिप काढून वाचली तरी अर्थ लागत नाही. 'रिकव्हरी सॉफ्टवेअर'च्या जाहिरातींवर पैसे घालवू नका.

करायचं ते असं. सेटिंग्जमध्ये तुमच्या नावावर, मग आयक्लाउड, फोटोज, आणि तिथे 'ऑप्टिमाइझ आयपॅड स्टोरेज' चालू करा. मूळ फोटो आयक्लाउडमध्ये राहतात, आयपॅडवर लहान प्रत राहते, जागा हळूहळू आपोआप मोकळी होते. एका रात्रीत होत नाही. वायफाय आणि चार्जर लावून ठेवा, आणि काहीही हाताने काढू नका. गूगल फोटोजमध्ये 'फ्री अप स्पेस' नावाचा वेगळा पर्याय आहे, तो फक्त यंत्रावरची प्रत काढतो. पण त्याच ॲपमध्ये नुसतं डिलीट केलंत तर दोन्हीकडून जातं.

चित्रकारांचं प्रकरण याहून वेगळं. प्रोक्रिएटची चित्रं आयपॅडवरच असतात, ॲप काढलं की चित्रंही जातात. ॲप अडकतंय म्हणून एका चित्रकला शिक्षिकेने ते काढून परत टाकलं, तेव्हा समोर आली ती रिकामी गॅलरी. नशिबाने आदल्या आठवड्याचा बॅकअप होता. आयपॅड पूर्ण पुसून तो भरावा लागला, आणि मधल्या दिवसांचं काम गेलं ते गेलंच. ॲपचं वजन कमी करायचं असेल तर 'डिलीट ॲप' नको, 'ऑफलोड ॲप' दाबा. ॲप जातं, आतला माल राहतो.

आता पैशाचं. २०० जीबीचे महिना २१९ म्हणजे चार वर्षांचे साडेदहा हजार. २०२५ च्या एअरमध्ये १२८ वरून २५६ ला जायला दहा हजार लागत होते. रक्कम तीच, पण विकत घेतलेली जागा कायमची आणि नेट नसतानाही हाताशी. आयक्लाउडचा हप्ता कार्डाची मुदत संपून थांबला की जागा पुरत नाही आणि बॅकअप गुपचूप बंद पडतो. आयक्लाउड घेऊच नका असं नाही. आयपॅड चोरीला गेला किंवा फुटला तर आतली जागा कामाची नाही, आयक्लाउडच धावून येतं. पण ते कमी जागेवरचं औषध म्हणून घेऊ नका.

गच्च भरलेला आयपॅड

शेवटचा जीबी संपेपर्यंत वापरलेला आयपॅड कधीकधी अपडेटच्या मध्येच अडकतो आणि सफरचंदाच्या चिन्हापुढे जात नाही. तेव्हा आम्ही तो संगणकाला जोडून आधी 'अपडेट'चा प्रयत्न करतो, त्यात डेटा राहतो. तो फसला तर 'रिस्टोअर' हा एकच मार्ग उरतो आणि त्यात सगळं पुसलं जातं. म्हणूनच आम्ही आधी कागदावर सही घेतो. त्या सहीवरून काउंटरवर वाद होतात, पण सही घेतल्याशिवाय आम्ही रिस्टोअर करत नाही.

दहा-पंधरा जीबी कायम मोकळे ठेवा. अपडेट करायचं आहे आणि जागा नाही, तर फोटो उडवत बसू नका. संगणकाला जोडून अपडेट केल्यास आयपॅडवर कमी मोकळी जागा लागते. घरी संगणक नसेल तर आमच्याकडे आणा. आमच्याकडून घेतलेल्या आयपॅडला याचे पैसे नाहीत.

डेटा एका आयपॅडवरून दुसऱ्यावर नेण्याचे आम्ही पैसे घेतो आणि एक दिवस ठेवून घेतो. "केबल लावायची, त्यात काय," हे खरं आहे. पण दोनशे जीबी सरकायला तास लागतात, मध्येच ॲपल अकाउंटचा पासवर्ड मागितला जातो, आणि निम्म्या लोकांना तो माहीत नसतो. ज्या पोराने पहिला फोन सुरू करून दिला त्याच्याच ईमेलवर अकाउंट, आणि पोरगं आता पुण्याला. हे इतक्यांदा होतं की आता पासवर्ड टाकून दाखवल्याशिवाय आम्ही आयपॅड जमाच करून घेत नाही.

बाहेरची ड्राइव्ह

२०१९ च्या आयपॅडओएस १३ पासून पेनड्राइव्ह आणि एसएसडी (वेगवान बाहेरची ड्राइव्ह) 'फाइल्स' ॲपमध्ये उघडतात. व्हिडिओवाल्यांना आम्ही हाच उपाय आधी सांगतो : २५६ चा आयपॅड आणि सोबत १ टीबीची एसएसडी, मोठ्या मॉडेलपेक्षा बरीच स्वस्त. ड्राइव्ह 'एक्सफॅट' पद्धतीने फॉरमॅट करून घ्या. जुन्या फॅट३२ पद्धतीच्या ड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, आणि लग्नाची एकच क्लिप तेवढी असते. आमच्याकडून घेतलेली ड्राइव्ह आम्ही फॉरमॅट करूनच देतो. साध्या आयपॅडचं यूएसबी-सी पोर्ट जुन्या यूएसबी २ च्या वेगाचं आहे, तिथे महागडी एसएसडी लावून फायदा नाही. एअर आणि प्रोवर वेग मिळतो.

ॲप, गेम, नेटफ्लिक्स किंवा क्लासची डाउनलोड ड्राइव्हवर जात नाहीत, हे मात्र घेतल्यावर सांगितलं नाहीत असं म्हणू नका.

दुकानात येताना

सध्याच्या यंत्रावर सेटिंग्ज, जनरल, स्टोरेज या पडद्याचा फोटो काढून आणा. किती जीबी वापरलेत आणि कशाने खाल्लेत हे त्यात दिसतं, सल्ला द्यायला तेवढं पुरतं. ॲपल अकाउंटचा ईमेल आणि पासवर्ड पाठ असू द्या. जीएसटी क्रमांक असेल तर बिलाआधी सांगा. टॅबलेटवर १८ टक्के कर आहे आणि व्यवसायासाठी घेत असाल तर तो वजा मिळू शकतो, पण बिल झाल्यावर नाव बदलायला आम्हाला फार उठाठेव करावी लागते. जुना आयपॅड देऊन नवा घ्यायचा असेल तर जुना घरी पुसून आणू नका. आधी त्यातला डेटा नव्यात जाऊ दे, 'फाइंड माय' (हरवलेला आयपॅड शोधायची सोय) तुमच्यासमोर बंद करू, मगच पुसू. तोवर चहा पाजायची जबाबदारी आमची.