चार अँटेना म्हणजे चौपट रेंज? मुळीच नाही

राउटरला जितक्या अँटेना जास्त तितकी वायफायची रेंज लांब, असं दुकानात हमखास ऐकवलं जातं. रेंज मुख्यतः ठरते ती प्रक्षेपणाची ताकद आणि मधल्या भिंतींवर, आणि त्या ताकदीला सरकारी मर्यादा आहे. जादा अँटेनांनी एकाच वेळी अनेक डेटाप्रवाह जातात, म्हणजे वाढला तर मुख्यतः वेग. तोही समोरच्या फोनला झेपेल तेवढाच. बहुतेक फोनमध्ये वायफायच्या एक किंवा दोनच अँटेना असतात. स्वस्तातल्या राउटरच्या चार अँटेनांपैकी बऱ्याचदा दोन २.४ गिगाहर्ट्झच्या, दोन ५ च्या, म्हणजे वायफायच्या या दोन लहरपट्ट्यांना प्रत्येकी दोनच! तेव्हा खोक्यावर २×२ (एका पट्ट्यावर दोन अँटेना) आहे की ४×४ (चार), ते वाचा.

अँटेनाचं टोक खोलीकडे रोखू नका. टोकाच्या दिशेला सिग्नल सर्वांत क्षीण, बाजूंना जोरदार. एकाच मजल्यावर वापर असेल तर अँटेना उभ्या ठेवा. वरच्या मजल्यासाठी एखादी आडवी करून पाहा.